बंदरावर जागा रिकामी आहे म्हणे

खाडीपल्याड

गावाचं नाव देत नाही. दिलं तर उद्या सकाळी चहाच्या टपरीवर मलाच उत्तरं द्यावी लागतील. रत्नागिरी जिल्ह्यातलं, खाडीच्या मुखाशी असलेलं एक बंदर, एवढं पुरे.

माझी आजी अजून एसटी आली तरी ‘बोट लागली’ म्हणते. बोट म्हणजे मुंबईची आगबोट. ती धक्क्याला कधी लागायचीच नाही. पाणी उथळ, म्हणून बाहेर नांगर टाकून भोंगा द्यायची, आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, कोंबड्या असं सगळं पडावातून तिच्यापर्यंत न्यायचे. ती बंद झाली. कौलं आणि मीठ आणणारी गलबतं पुढे काही वर्षं येत राहिली, मग ट्रक थेट दारात यायला लागला आणि तीही थांबली. कस्टमची चिऱ्याची चौकी तेवढी उभी आहे. आत शेळ्या असतात.

मग त्याच धक्क्याला लागून बार्ज, म्हणजे सपाट बुडाच्या मालवाहू बोटी, बांधायचा कारखाना आला. आमच्या वाडीतली वीसेक पोरं वेल्डर झाली. दहाएक वर्षं बरी गेली. पुढे ऑर्डरी आटल्या, पगार थकले आणि एके दिवशी गेटला कुलूप. (कंपनीचं नाव विचारू नका. माझ्या चुलतभावाचा सात महिन्यांचा पगार अजून तिच्याकडे आहे, मला सभ्य भाषेत लिहिता येणार नाही.) मागे राहिली एक अर्धवट बार्ज, गंजून तांबडी झालेली. क्रेनचा सांगाडा, त्यावर काकणांच्या (समुद्री गरुडांच्या) जोडीने घरटं केलंय. पाण्यात उतरत जाणारा काँक्रीटचा लांबलचक उतार, त्याला आम्ही सगळे ‘स्लिप’ म्हणतो. आणि काळ्या वाळूचा एक ढीग, ज्यावर पोरं घसरगुंडी खेळतात.

तर गेल्या महिन्यात ग्रामपंचायतीत एका सल्लागार कंपनीची माणसं आली आणि प्रोजेक्टरवर चित्रं दाखवून गेली. ‘बंदर परिसराचा पुनर्विकास’. चौकीत कॅफे, धक्क्यावर मरीना (हौशी बोटींचा तळ), कारखान्याच्या शेडमध्ये संस्कृती केंद्र, स्लिपच्या जागी पायऱ्यापायऱ्यांचं खुलं नाट्यगृह. चित्रातली माणसं सगळी गोरीगोमटी, प्रत्येकाच्या हातात कॉफी, एकाच्या हातात कुत्रा. जागेचे फोटोही होते. आणि नकाशावर अख्ख्या जागेला एकच राखाडी रंग, वर लिहिलेलं : ‘रिकामी, वापरात नसलेली जमीन’.

खरं सांगतो, मला चित्रं आवडली. कारखान्याचं मढं किती वर्षं दारात ठेवायचं? पण घरी येताना काहीतरी खटकत होतं आणि काय ते सांगता येईना. इथे ठिकठिकाणची माणसं आहेत. अशी जागा कुठे नीट झालेली पाहिली आहे का कुणी?

फुकटचा_सल्ला

आमच्याकडे होडीच्या डिझेलला पैसे नाहीत आणि मरीना कुणासाठी? बाकी कुत्रा हातात कसा असेल? साखळी असेल.

खाडीपल्याड

हातातच होता. पांढरा, लहानसा.

गोदीकर

मी दापोलीचा, पण वाढलो कॉटनग्रीनला. वडील मुंबईच्या गोदीत. त्यामुळे मेलेलं बंदर मी रोज शाळेत जाताना पाहिलंय.

बंदर का मरतं ते आधी लक्षात घ्या. प्रिन्सेस डॉक १८८० चा. पोत्यांतला माल माणसांनी उतरवायचा हे गृहीत धरूनच तो बांधलेला, म्हणून गोदी शहराला चिकटून, भोवती वखारी, वखारींच्या मागे चाळी. जहाज आलं की चांगले आठ-दहा दिवस पाहुणचार. कंटेनर आला आणि ते काम तासांवर आलं. कंटेनरला खोल पाणी लागतं आणि मागे मोकळं मैदान, ते मुंबईत कुठून आणणार? १९८९ ला पलीकडे न्हावाशेवा सुरू झालं आणि इकडच्या गोद्यांतला माल तिकडे वळला. वडील म्हणायचे, ‘संप नाही, आग नाही, काही नाही. नुसती जहाजं येईनाशी झाली.’ ज्या गोदीने १४ एप्रिल १९४४ चा फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट सोसला, ती एका पत्र्याच्या पेटीपुढे टिकली नाही. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया डॉक तर भर घालून बुजवलेच.

आता तिथल्या जमिनीचं. मुंबई बंदराकडे साधारण १८०० एकर. २०१४ साली राणी जाधव समितीने तिच्या वापराचा अहवाल दिला. तेव्हापासून पूर्व किनाऱ्याची चित्रं आम्हीही बघतोय, आमच्या चित्रांत सायकलवाले जास्त असतात. मधल्या काळात घडलं काय, तर भाडेपट्ट्यांचे खटले. वखार एकाच्या नावावर, वापरतो दुसरा, राहतो तिसरा.

आणि कोकणातल्या माणसाने तरी गिरण्यांची जमीन विसरू नये. १९९१ च्या नियमात होतं की गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे करायचे : एक मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ ला शब्द बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची राहिली. म्हणजे गिरणीचं बांधकाम ज्या जमिनीवर होतं, ती हिशोबातूनच गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००६ ला तो बदल कायम झाला. ज्यांच्या बापजाद्यांनी तिथे सूत काढलं ते आता तिथल्या मॉलमध्ये सिक्युरिटीच्या निळ्या शर्टात उभे असतात. एका शब्दाची ही किंमत. तेव्हा चित्रं बघू नका, नकाशावरचे शब्द वाचा. ‘रिकामी’ म्हणजे कोणाच्या लेखी?

सडा_रांगोळी

गोदीकर, तुमचं पटतं, पण एक सांगू का? अशा धाग्यावर शेवटी सगळे मिळून ‘काही नको’ म्हणतात आणि आपापल्या मुंबई-पुण्याच्या घरी जेवायला बसतात. माझा नवरा वेल्डर होता, असल्याच एका यार्डात. आता शारजात आहे. मुलगी चौथीत आहे, तिला बाबा म्हणजे व्हिडिओ कॉल. जागा पडून राहिली तर आमचं काय भलं झालं? मला तर कॅफेही चालेल, पगार वेळेवर देणार असतील तर.

पण विचाराल तर पहिली गोष्ट मागेन ती संडास. धक्क्यावर पहाटे चारला मासळीच्या लिलावाला येणाऱ्या बायका जातात कुठे हे कोणी विचारलंय? त्या नाट्यगृहाच्या चित्रात संडास होता का?

खाडीपल्याड

ताई, नव्हता. म्हणजे होता, कॅफेच्या आत.

वेंगुर्लेकार

आमच्या हंय डच वखार आसा, सतराव्या शतकातली. भिंती उभ्यो, छप्पर नाय, आत झाडां. तिचा ‘पुनरुज्जीवन’ होतला असा मी शाळेत आसल्यापासून ऐकतंय. आता माझो झील शाळेत आसा, तोय ऐकता. तुमच्या चौकीत निदान शेळ्यो तरी आसत.

एल्बकाठी

मूळ गाव गुहागर तालुक्यात, सध्या मुक्काम हॅम्बुर्ग. माझं ऑफिसच हाफेनसिटीत आहे, म्हणून थोडं सविस्तर.

१५७ हेक्टरचा जुना बंदरभाग, शहराच्या अगदी मधोमध. इथेही कंटेनरनेच घात केला. पण जमिनीच्या बाबतीत शहराने एक गोष्ट फार हुशारीने केली. १९९७ ला योजना जाहीर व्हायच्या आधी, शहराच्याच मालकीच्या एका कंपनीने तिथल्या वखारी आणि भाडेपट्टे गुपचूप घेऊन टाकले. बातमी फुटली असती तर भाव कुठे गेले असते ते तुम्हाला सांगायला नको, रेवस–रेडी सागरी महामार्गाची नुसती रेघ दिसल्यावर आपल्याकडे काय झालं ते पाहताच आहोत.

दुसरं, प्लॉट लिलावात सगळ्यात जास्त बोलीला जात नाही. कोण काय बांधणार, खाली दुकानं ठेवणार की नुसती काच, परवडणारी घरं किती, हे बघून प्लॉट एकाच्या नावाने नुसता राखून ठेवतात. त्या मुदतीत त्याने स्पर्धा घेऊन आराखडा करायचा, परवाने आणायचे. जमलं तर विक्री, नाहीतर प्लॉट शहराकडे परत. त्यामुळे जमीन अडवून बसणारा फारसा टिकत नाही.

तिसरं कोकणाच्या कामाचं. फेब्रुवारी १९६२ च्या पुरात या शहरात ३१५ माणसं गेली. हाफेनसिटी पूर अडवणाऱ्या बांधाच्या बाहेर आहे, म्हणून इमारती समुद्रसपाटीपासून आठ-नऊ मीटर उंच जोत्यावर घेतल्यात. पाण्याकडेचा फिरायचा रस्ता मात्र मुद्दाम खाली ठेवलाय. उधाण आलं की तो बुडतो, तळमजल्याची लोखंडी दारं लावून घेतात, पाणी उतरलं की लोक पुन्हा फिरायला. तुमच्या चित्रातल्या कॅफेचं जोतं किती उंच आहे? निसर्ग वादळात पाणी कुठवर आलं होतं ते कोणी मोजलं होतं का?

हे वाचून इथे सगळं आलबेल आहे असं समजू नका. संध्याकाळी सातनंतर काही गल्ल्या अगदी सुन्या. घरभाडी ऐकून घाम फुटतो. आणि तो प्रसिद्ध संगीतमहाल, एल्बफिलहार्मोनी : शहराच्या तिजोरीतून सुरुवातीला ७७ दशलक्ष युरो म्हणाले, २०१७ ला उघडेपर्यंत ७८९ झाले. ग्रामपंचायतीत कोणी खर्चाचा आकडा सांगितला असेल तर शेजारी एक शून्य लिहून ठेवा.

फुकटचा_सल्ला

म्हणजे जर्मनीतही आपल्यासारखंच. बरं वाटलं.

एल्बकाठी

आपल्यासारखं नाही हो, इथे निदान सभागृह झालं :)

रसायनवाला

मला त्या काळ्या वाळूबद्दल बोलायचंय, बाकी चालू द्या.

ती वाळू नव्हे. जहाजाचा पत्रा रंगवण्याआधी जोराच्या हवेने त्यावर खर, म्हणजे बारीक धारदार कण, मारून गंज आणि जुना रंग काढतात. त्या खरीसाठी बहुतेक यार्डांत तांब्याच्या भट्टीतली मळी वापरतात, काळी, धारदार, काचेसारखी चमकणारी. वापरून झाली की तिच्यात पत्र्यावरच्या रंगाचा चुरा मिसळलेला असतो. जुन्या रंगांत शिसं असायचं. बुडाला शेवाळ आणि शिंपले धरू नयेत म्हणून लावायच्या रंगात कथिलाचं एक संयुग असायचं, टीबीटी म्हणतात. ते इतकं जहाल की त्याने गोगलगायींच्या माद्यांना नराची इंद्रियं फुटायला लागली. २००८ पासून जगभर त्यावर बंदी आहे. नवी बार्ज बांधताना ते वापरलं असेलच असं नाही, पण जुन्या बोटी दुरुस्तीला येत होत्या का ते चुलतभावाला विचारा.

पोरांना त्या ढिगावर खेळू देऊ नका. आणि बार्जच्या बुडाची कालवं कोणी काढतं का? कालव पाणी गाळून खातं, पाण्यात असेल ते त्याच्या अंगात साठतं.

पुनर्विकासाच्या कोणत्याही आराखड्यात पहिलं पान मातीच्या आणि गाळाच्या तपासणीचं हवं. मुंबईतल्या दारूखाना भागात कित्येक दशकं जहाजं तोडली, जुनी विक्रांत युद्धनौकासुद्धा तिथेच तोडली, तिथल्या जमिनीत काय मुरलंय त्याचा खर्च आधी मांडल्याशिवाय वर बगिचा काढून उपयोग नाही. ती साफसफाई कोणाच्या खिशातून, हा खरा वाद असतो. कंपनी बुडालेली, बँक म्हणते आमचा संबंध यंत्रांपुरता.

खाडीपल्याड

जुन्या बोटी यायच्या. चुलतभावाला आत्ताच फोन केला. आणि कालवं माझी काकीच काढते. शेवटच्या ओहोटीला तिने दिलेल्या कालवांचं सुकं मी रविवारी खाल्लं. आता काय सांगू तिला?

सडा_रांगोळी

सांगायचं. आजच.

नस्ती_क्रमांक_७

निवृत्त झालोय, त्यामुळे मोकळेपणी लिहितो. चार गोष्टी मिसळल्या आहेत, त्यातल्या दोन सोडवतो.

आपल्याकडची छोटी बंदरं १९९६ पासून महाराष्ट्र सागरी मंडळाकडे. तुमच्या कारखान्याच्या जागेचे बहुधा तीन धनी असणार : जमीन सरकारची, भाडेपट्टा कंपनीचा, यंत्रं बँकेकडे गहाण. दिवाळखोरीच्या कायद्यात कंपनी विकली जाते तेव्हा घेणाऱ्याचा डोळा भंगारावर कमी आणि भाडेपट्ट्यावर जास्त असतो. का, ते ऐका.

किनाऱ्यावर, भरतीरेषेपासून आत, सीआरझेडचा (किनारा नियमन क्षेत्राचा) ना-विकास पट्टा असतो. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे दाट वस्तीच्या गावात, म्हणजे २०११ च्या जनगणनेत चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त माणसं असतील तर, ५० मीटर, विरळ गावात २०० मीटर. तुमच्या काकीला त्या पट्ट्यात पडवी वाढवायची तर दहा खेटे. पण अधिसूचित बंदर हद्दीत हा ना-विकास पट्टा लागू नाही. बंदराला धक्के-गुदामं बांधावी लागतात, म्हणून ती सवलत. आता गंमत बघा. बंदरात चाळीस वर्षं जहाज आलेलं नाही, पण कागदावर हद्द तशीच आहे. पाण्याला लागून बांधता येईल अशी जमीन आख्ख्या किनाऱ्यावर कुठे उरली असेल तर ती मेलेल्या बंदरांत. कॅफे हे बंदराचं काम आहे का, हा प्रश्न तुम्ही लेखी विचारू शकता आणि विचाराच.

दुसरं. किनारा व्यवस्थापन आराखड्याचे गावपातळीचे नकाशे असतात. त्यांत मच्छीमारांची वस्ती, त्यांच्या सामाईक जागा, जेट्टी, बर्फाचा कारखाना आणि मासळी वाळवायच्या जागा दाखवायच्याच असतात, हे अधिसूचनेतच आहे. तुमच्या गावचा नकाशा काढून बघा, स्लिपवर काय लिहिलंय.

तांडेलाचा_नातू

मी धागा सकाळपासून वाचतोय. खाडीपल्याड, आपण बहुतेक शेजारच्या गावचे आहोत, कारण ते फोटो आमच्या ग्रुपवर पण फिरलेत. नाव घेत नाही.

त्या फोटोंत आभाळ कसलं आहे बघितलंस का?

काळं. धक्का ओला, चौकीच्या भिंतीवर हिरवं शेवाळ, मागे डोंगर हिरवागार. फोटो जुलैतले आहेत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, झापांखाली झाकलेल्या, जाळी घरात, खलाशी आपापल्या गावी. पावसात वाळत घालणार काय, आणि कोण? जुलैत बंदर बघायला येणं म्हणजे मे महिन्यात शाळेत जाऊन पोरं नाहीत असं लिहिण्यासारखं आहे.

दिवाळीनंतर ये म्हणावं त्यांना. स्लिपवर पाय ठेवायला जागा नसते. जवळा, मांदेली, कधी सोडे. तिथेच का, तर वाळूत वाळवलेल्या जवळ्यात वाळू जाते, दाताखाली कचकच येते, भाव पडतो. काँक्रीटवर वाळलेला स्वच्छ, आणि उताराने पाणी आपोआप निथळतं. कारखान्याने गावाला दिलेली एकच चांगली गोष्ट म्हणजे तो उतार. माझी आई वरून तिसऱ्या सांध्यापासून पाचव्यापर्यंत घालते. सांधे म्हणजे काँक्रीटच्या लाद्यांमधल्या डांबराच्या रेघा. कुणाची कुठली लादी ते ठरलेलं आहे, कुठेही लिहिलेलं नाही, आणि आजवर भांडण नाही. (एकदा झालं होतं, मांजरावरून.) शेजारच्या मोकळ्या जागेत जाळी पसरून विणतात. शेडमध्ये इंजिनं उघडतात, कारण तिथे पावसात पण कोरडं असतं. बार्जच्या आडोशाला वाऱ्याच्या दिवसांत होड्या बांधतात.

कुलूप गेटला आहे. पाण्याच्या बाजूला कुठे कुंपण आहे?

खाडीपल्याड

हेच. हेच खटकत होतं, आणि मी त्याच गावात राहून मला दिसलं नाही. मी स्लिपवर जातो ते संध्याकाळी फिरायला, तोवर बायकांनी सगळं गोळा करून नेलेलं असतं.

गोदीकर

मग गिरण्यांसारखंच. नोंद नाही म्हणजे माणूस नाही.

सडा_रांगोळी

त्या काळ्या चुऱ्याचं काय पण? स्लिपवर वाऱ्याने उडून येत असेल तर जवळ्यातही जाणार. ते आधी हलवा, मग हक्काचं बोला.

रसायनवाला

बरोबर. ढीग स्लिपपासून किती लांब आणि वारा कुठून, त्यावर आहे. दुपारचा वारा समुद्राकडून असेल तर ढीग आतल्या बाजूला असल्याने थोडं बरं. पण तपासल्याशिवाय खात्री नको. तोवर निदान ताडपत्री टाका.

एल्बकाठी

एक सुचवतो, रागावू नका. कॅफे आणि जवळा यांत निवड करायची गरजच नाही कदाचित. कोचीत मट्टांचेरीच्या मसाल्याच्या वखारींत २०१२ पासून बिएनाले हे मोठं कलाप्रदर्शन भरतं, वखारी पाडल्या नाहीत, रंगही फारसा दिला नाही. तुमच्या शेडमध्ये पावसाळाभर इंजिनं आणि हिवाळ्यात चार दिवस नाटक, असं होऊ शकतं. दशावताराला काय लागतं, पेटी, मृदंग आणि एक बाक.

तांडेलाचा_नातू

नाटकाला ना नाही. पण नाटकवाले रात्री येतात, जवळा सकाळी असतो. उतारावर पायऱ्या केल्या की जवळा संपला, आणि होडी वर ओढायचंही संपलं. चौकीत कॅफे करा, खुशाल करा, शेळ्यांची सोय मी बघतो. स्लिपला हात लावू नका.

नस्ती_क्रमांक_७

हे असं इथे लिहून उपयोग नाही. तारखेनिशी फोटो, कोणत्या महिन्यात कोणता वापर, किती कुटुंबं, आणि लाद्यांचा हातनकाशा. ग्रामसभेचा ठराव जोडा. प्रत सागरी मंडळाला, मत्स्यव्यवसाय खात्याला आणि जिल्हाधिकाऱ्यांना. पोच घ्या, तारखेचा शिक्का बघून घ्या. शिक्का पुसट असेल तर पुन्हा मारून मागा, लाजू नका.

वेंगुर्लेकार

आणि शिक्को मारणारो जेवाक गेलो आसात तर थयच बसान ऱ्हवा.

खाडीपल्याड

चार दिवसांनी लिहितोय.

नकाशा मिळाला. स्लिपवर ‘औद्योगिक’ लिहिलंय. मासळी वाळवायची जागा म्हणून दाखवलेली नाही, गावात कुठेच दाखवलेली नाही. काकीला कालवांचं सांगितलं. ती आधी हसली, मग म्हणाली, ‘मग इतकी वर्षं कोण मेलं?’ पण या ओहोटीला पलीकडच्या खडकांवर गेली, बार्जकडे नाही. ढिगावर ताडपत्री टाकली, ग्रामपंचायतीने दिली, दोऱ्या आमच्या.

ठरावाचा मसुदा तांडेलाचा_नातू आणि मी मिळून केलाय. पहिली मागणी संडास, ताई. दुसरी माती तपासणी. तिसरी स्लिप आहे तशी ठेवून नकाशात नोंद. कॅफेला विरोध लिहिलेला नाही, त्यावर आमचं दोघांचं अजून पटत नाहीये.

लाद्या मोजल्या. बावीस भरल्या. त्यांतल्या सतरा कुणाच्या ते आजीने न बघता सांगितलं, उरलेल्या पाचांवरून आता वाडीत चर्चा चालू आहे. रविवारी पहाटे साडेसहाला फोटो काढायचे आहेत. ज्याच्याकडे बरा कॅमेरा असेल त्याने या, जवळा मिळाला असेल तर.

तांडेलाचा_नातू

शनिवारी रात्री भरती कधी ते बघून सांगतो. आणि चपला काढून चढ स्लिपवर, आई ओरडते.